पायांचीं जाड व विवर्ण नखें : घरीं घ्यावयाची निगा

माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या पाण्यावर किंवा विहिरीवर ऊस भिजविणाऱ्या शेतकऱ्याचे पाय तासन्‌तास चिखलांत असतात. पुढें केव्हां तरी अंगठ्याचें नख पिवळें, तपकिरी किंवा खडूसारखें पांढरें दिसूं लागतें, जाड होतें, कडेनें त्याचा भुगा पडतो. दुखत नाहीं म्हणून तिकडे कोणी पाहात नाहीं. बैल जरा लंगडला तर त्याचा खूर लागलाच उचलून पाहणारे आम्ही शेतकरी, स्वतःच्या पायाविषयीं मात्र उदासीन असतों.

हा विकार पुष्कळदां बुरशीचा असतो. ज्वारीवरील काणी व गव्हावरील तांबेरा हे बुरशीचेच रोग. परंतु नखावरील बुरशी निराळ्या जातीची असून ती नख, केस व कातडीचा वरचा थर ज्या केराटिन द्रव्याचे बनतात त्यावर पोसते. बहुधा ती प्रथम बोटांच्या बेचक्यांत चिखल्यांच्या रूपानें येते व तेथून नखांत शिरते. म्हणून चिखल्या तशाच ठेवून नखास औषध लावणें म्हणजे बांध फुटका ठेवून वाफा भरणें होय. चिखल्यांवर क्लोट्रिमाझोलचें मलम दिवसांतून दोनदां चार आठवडे लावावें. आठ दिवसांत खाज थांबली तरी सोडूं नये. दुकानांत मिळणारीं स्टेरॉइडमिश्रित मलमें घेऊं नयेत; त्यांनीं खाज थांबते आणि बुरशी मात्र आंतून पसरते.

तथापि प्रत्येक जाड नख बुरशीचेंच असें नव्हे. सुश्रुतानें आघातानें रुक्ष, काळ्या व खरखरीत होणाऱ्या नखास कुनख असें नांव दिलें आहे. पायावर दगड पडणें, घट्ट जोडा, वार्धक्य, सोरायसिस यांनींही नख बिघडतें. नखाचा भुगा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला म्हणजे बुरशी आहे कीं नाहीं हें ठरतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बिघडलेलें नख सुधारत नाहीं. मुळाकडून नवें नख येऊन जुनें पुढें ढकललें जातें. पायाचें नख महिन्यास सुमारें दीड मिलिमीटर वाढतें, म्हणून अंगठ्याचें नख पूर्ण बदलण्यास १२ ते १८ महिने लागतात. महसुली कामांत आयुष्य गेलेल्या आम्हांस हें फेरफाराच्या नोंदीसारखें वाटतें. घाई केल्यानें सातबारावर नांव चढत नाहीं.

आठवड्यांतून दोनदां पाय दहा मिनिटें कोमट पाण्यांत ठेवून बोटांच्या बेचक्यांसह पूर्ण कोरडे करावे व मऊ झालेलें नख बारीक कानशीनें वरून थोडें थोडें घासावें. नख सरळ कापावें, कोपरे खोल कोरूं नयेत. फार जाड नखास ४० टक्के युरियाचें मलम (शेतांत टाकण्याचा युरिया नव्हे) रात्रीं कातडीस न लागेल असें लावावें. कानस व नखें काढण्याचें साधन ज्याचें त्यास स्वतंत्र असावें. चिखलांत रबरी बूट घालावे, परंतु काम संपतांच काढून आंतून वाळवावे. लिंबू, हळद, व्हिनेगर यांनीं मुळाशीं गेलेली बुरशी जाते असा पुरावा नाहीं. रॉकेल व तेजाब तर पायास लावूंच नयेत.

मधुमेह असलेल्यांनीं वरीलपैकीं कापणें, घासणें व शेकणें घरीं करूं नये. त्यांच्या पायाची संवेदना मंदावलेली असते. पाणी भाजलें तरी कळत नाहीं, ब्लेडची लहानशी जखम चिघळून बोट, क्वचित् पायही गमवावा लागतो. ज्यांस पायाला बधिरपणा किंवा अंगावर बधिर चट्टा असेल त्यांनीं कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यांत मोफत होते व औषधही मोफत मिळतें. नखाभोंवतीं सूज, लाली किंवा पू असल्यास त्याच दिवशीं, आणि नखाखालीं रुंदावत जाणारी काळी रेघ दिसल्यास विलंब न लावतां वैद्यकीय सल्ला घ्यावा.

बुरशी मुळापर्यंत गेली असेल तर टर्बिनाफिनच्या गोळ्या सामान्यतः बारा आठवडे देतात. त्यांचा क्वचित् यकृतावर परिणाम होतो, म्हणून त्या डॉक्टरांनीं रक्त तपासूनच द्यावयाच्या असतात. गोळ्या संपल्या तरी नख तसेंच दिसतें, यांत नवल नाहीं. निरोगी नख जेथें संपतें तेथें कानशीनें हलकी खूण करावी. खूण पुढें सरकत जाऊन तिच्यामागें स्वच्छ नख येत असेल तर उपाय लागू पडत आहे. तीन महिन्यांत खुणेमागेंही पिवळेपणा आला तर पुन्हां दाखवावें.