मुलाचं परदेशी शिक्षण आणि दुकानाचं भांडवल : बजेट कसं बसवायचं?

मागच्या व्हिडिओत आपण खेळतं भांडवल आणि घरखर्च वेगळा कसा ठेवायचा ते बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा झाली ती अशी : "पोराला शिकायला बाहेर पाठवायचंय. पैसे दुकानातून काढू का कर्ज घेऊ?"

प्रश्न बरोबर आहे, पण तो शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधी दोन प्रश्न येतात : एकूण किती लागणार आणि कधी लागणार. नवीन दुकान टाकताना आपण जसा हिशेब करतो, अगदी तसाच. आपल्या सुपा एमआयडीसीच्या पट्ट्यात इंजिनिअरिंग आणि डिप्लोमा झालेली मुलं जर्मनीचं नाव जास्त घेतात, म्हणून आज जर्मनीतल्या दोन वर्षांच्या मास्टर्सचं उदाहरण घेऊ. हिशेबाला सोपं जावं म्हणून एक युरो म्हणजे १०० रुपये धरू. तुम्ही करताना त्या दिवसाचा दर घ्या.

पायरी १ : फी नाही, एकूण खर्च काढा

"जर्मनीत फी नाही" हे अर्धं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. आणि फी नसली तरी राहणं, खाणं, विमा आहेच. आता एकेक रकाना लिहू.

निघण्याआधीचा खर्च : एपीएस प्रमाणपत्र १८,००० रुपये. युनी-असिस्टमार्फत अर्ज केला तर पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणजे पाच अर्जांचे १९५ युरो. व्हिसा फी ७५ युरो. शिवाय भाषेचा क्लास आणि परीक्षा, विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे. घराचं डिपॉझिटही यातच धरा. असे सगळे मिळून समजा अडीच लाख.

राहण्याचा खर्च : जर्मन सरकारने सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यासाठी महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो ही रक्कम ठरवलेली आहे. दोन वर्षांचे २३,८०८ युरो. आपल्या दराने २३ लाख ८० हजार. लक्षात घ्या, हा किमान आकडा आहे. म्युनिकसारख्या शहरात भाडंच त्यातला मोठा वाटा खातं. आरोग्य विम्याचे महिन्याला १४० युरोच्या पुढे जातात, तेही यातूनच. घरी टीव्ही नसला तरी प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्ही वर्गणी असते. खोलीत तिघं असतील तर ती वाटून घेता येते.

सेमिस्टरची वर्गणी : साधारण १०० ते ३५० युरो. बऱ्याच ठिकाणी प्रवासाचा पास त्यातच येतो. ३०० धरले तर चार सेमिस्टरचे १,२०० युरो, म्हणजे १ लाख २० हजार.

बेरीज झाली साडेसत्तावीस लाख. त्यावर १० टक्के अडीअडचणीला ठेवा. म्हणजे साधारण ३० लाख. फुकट म्हणतात त्या शिक्षणाचा हा आकडा आहे.

पायरी २ : तारखांचा तक्ता करा

धंदा नफा नाही म्हणून जेवढा बुडतो, त्यापेक्षा जास्त वेळेला हातात रोकड नाही म्हणून अडतो. इथेही तसंच आहे. जर्मनीचं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची मुदत १५ जुलै असते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पहिल्या वर्षाचे ११,९०४ युरो एकरकमी दाखवावे लागतात. म्हणजे जवळपास १२ लाख रुपये जून ते ऑगस्टच्या दरम्यान हवेत.

आता आपल्या पारनेर भागाचं कॅलेंडर आठवा. जून-जुलै म्हणजे खरिपाची पेरणी. शेतकऱ्याचा पैसा बी-बियाण्यात आणि आपला पैसा उधारीच्या वहीत. मूग निघाल्याशिवाय, कांद्याला भाव लागल्याशिवाय वसुली हलत नाही. म्हणून या पैशाची तयारी निदान आदल्या दिवाळीपासून सुरू झाली पाहिजे. जुलैत धावपळ करून जमवलेला पैसा महाग पडतो.

दुसरी अडचण तिकडे पोचल्यावर येते. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरोच निघतात. पण तिकडच्या कायद्याने घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं डिपॉझिट मागू शकतो. भाडं ३५० असेल तर डिपॉझिट १,०५० आणि पहिलं भाडं ३५०, म्हणजे पहिल्याच आठवड्यात १,४०० युरो. पोराच्या नावावर १२ लाख असतात आणि हातात डिपॉझिटला पैसे नसतात. म्हणून १,५०० ते २,००० युरो वेगळे द्या.

तिसरी तारीख दुसऱ्या वर्षाची. परवाना वाढवताना पुढच्या खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. ती आजच तक्त्यात लिहा.

पायरी ३ : रुपया घसरेल असं धरा

आपण कमावतो रुपयात, खर्च होतो युरोत. युरो १०० वरून ११० झाला तर वर्षाचे ११ लाख ९० हजार एकदम १३ लाख ९ हजारांवर जातात. पोराने एक युरोही जास्त खर्चलेला नसतो.

ही अडचण नवीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतली बचत, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपये अशी तजवीज होती. पण १९२० च्या सुरुवातीला दोन शिलिंगांच्या वर असलेला रुपया १९२१ मध्ये १ शिलिंग ४ पेन्सच्या आसपास आला. सरळ हिशेब बघा : दोन शिलिंगांच्या दराने १,००० रुपयांचे १०० पौंड मिळायचे, ते आता ६७ च झाले. सप्टेंबर १९२१ मध्ये बाबासाहेबांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले, त्यात चलन घसरल्याचं कारण होतं. रुपयाच्या प्रश्नावरच त्यांचा लंडनमधला प्रबंध आहे, तो १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. एवढ्या काटकसरी आणि अर्थशास्त्र कोळून प्यायलेल्या माणसालाही विनिमय दराने अडवलं, तर आपण १० टक्के बाजूला ठेवायलाच हवेत.

पायरी ४ : दुकानातला पैसा बिनव्याजी नसतो

आता मूळ प्रश्न. बरेच जण म्हणतात, "कर्जाला व्याज लागतं, दुकानातला पैसा आपलाच आहे." इथे वही उघडा.

समजा तुम्ही खेळत्या भांडवलातून ४ लाख काढले. हा माल वर्षातून ६ वेळा फिरत होता आणि प्रत्येक फेरीला १२ टक्के सुटत होते. म्हणजे फेरीला ४८,००० आणि वर्षाला २ लाख ८८ हजार. माल कमी झाला म्हणून गाळ्याचं भाडं, पोऱ्याचा पगार, लाइट बिल कमी होत नाही. त्यामुळे हे नुकसान जवळजवळ पूर्ण तुमच्या खिशातून जातं. तेच ४ लाख १० टक्क्यांनी कर्ज घेतले असते तर वर्षाचं व्याज ४०,००० रुपये. शिवाय फळीवर माल दिसला नाही की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं आणि तिथलंच होतं.

मग दुकानातून काहीच काढायचं नाही का? काढायचं, पण तीन ठिकाणांहून : वर्षाचा निव्वळ नफा, पडून राहिलेला माल विकून आलेला पैसा, आणि जुन्या उधारीची वसुली. फिरत्या मालाला हात लावायचा नाही.

कर्जाचंही गणित नीट समजून घ्या. समजा १५ लाख, १० टक्के. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष सहसा हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली तर महिन्याला १२,५०० प्रमाणे तीन वर्षांत साडेचार लाख चढतं. मग १० वर्षांचा हप्ता साधारण २५,८०० बसतो. व्याज दरमहा भरत गेलात तर तोच हप्ता १९,८०० च्या आसपास राहतो. म्हणून कर्ज ठरवताना विचारा : माझं दुकान आजपासून महिन्याला साडेबारा हजार देऊ शकतं का?

तीन गोष्टी आधीच तपासा. एक, बँका या कर्जाला शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत. घर, एनए प्लॉट किंवा एफडी चालते. दोन, सहकर्जदार म्हणून तुमची आयकर विवरणपत्रं बघितली जातात. धंदा मोठा आणि कागदावर उत्पन्न लहान, तर बँक कागदच वाचते. तीन, १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस लागतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर लागत नाही. टीसीएस हा जादा खर्च नाही, विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोपर्यंत पैसा अडकतो. दर बदलत असतात, पाठवण्याआधी बँकेत विचारा.

शिष्यवृत्तीही बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा समाजासाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे. अटी आणि मुदती त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा.

पायरी ५ : तिकडची कमाई जमेला धरू नका

जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. परवानगी आहे म्हणजे काम मिळेलच असं नाही. भाषा येईपर्यंत वेळ जातो, परीक्षेत सुट्टी घ्यावी लागते. ज्या पोराच्या भाड्याचा हिशेब कामावर टेकलेला असतो, ते पोर आधी लेक्चर बुडवतं. कमाई झालीच तर ती कर्जाच्या व्याजाला लावा.

आजचा गृहपाठ

एका कोऱ्या पानावर तीन रकाने आखा : रक्कम, तारीख, पैसा कुठून. वरच्या पाच पायऱ्या त्यात भरा आणि ते पान पोराच्या हातात द्या. त्याच्यापासून आकडा लपवू नका. ज्याला घरचा हिशेब माहीत असतो, ते पोर तिकडे जबाबदारीने खर्च करतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर एक वर्ष थांबा. त्या वर्षात त्याला भाषा शिकू द्या, एमआयडीसीत अनुभव घेऊ द्या आणि तुम्ही उधारी वसूल करा. विद्यापीठ पुढच्या वर्षीही अर्ज घेतं. पण एकदा रिकामं झालेलं दुकान पुन्हा भरायला कितीतरी वर्षं जातात, आणि मागे राहिलेल्या घराचा, धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा खर्च त्याच दुकानावर असतो.

पुढच्या भागात जुनी उधारी संबंध न तोडता कशी वसूल करायची ते बघू. तोपर्यंत पान भरून ठेवा.