लोकांच्या नावाचा जीव

पावसाळ्यात बांधावर वाणी किडा दिसतो. त्याला काडी लावली की तो लगेच गोल वेटोळे करून बसतो. हा खेळ लहानपणी आपण सर्वांनीच केला आहे. समुद्रातही असाच गुंडाळी करणारा एक जीव आहे. पण तो किडा नव्हे. तो गोगलगाय आणि शिंपले यांच्या कुळातला आहे. त्याला कायटन म्हणतात.

कायटनच्या पाठीवर कवचाच्या आठ पट्ट्या असतात. छपरावर कौले जशी एकावर एक चढवतात, तशा त्या बसलेल्या असतात. भोवती जाड कातडीचा काठ असतो. पोटाखाली एकच रुंद पाय असतो. त्या पायाने तो दगडाला घट्ट धरून राहतो. कोणी त्याला उपटलेच, तर तो अंगाची गुंडाळी करतो. मऊ अंग आत, कवच बाहेर.

त्याची जीभ कानशीसारखी असते. तिच्यावर दातांच्या रांगा असतात. त्या दातांत लोखंडाचा अंश असतो, बरं का! म्हणून तो दगड खरवडून खातो, तरी दात सहज बोथट होत नाहीत. जगात कायटनच्या सुमारे 1,000 जाती आहेत. आपल्या कोकणातल्या खडकांवरही काही जाती सापडतात.

आता एका नव्या जातीची गोष्ट ऐका.

जपानच्या दक्षिणेला प्रशांत महासागरात एक फार खोल दरी आहे. तिचे नाव इझू-ओगासावारा. तिथे 2024 साली शास्त्रज्ञांना एक कायटन सापडला. किती खोल? सुमारे 5,500 मीटर, म्हणजे साडेपाच किलोमीटर. तिथे सूर्याचा प्रकाश पोचत नाही. पाणी थंडगार असते आणि वरच्या पाण्याचा दाब प्रचंड असतो.

एवढ्या खोलात हा जीव राहतो कशावर? बुडालेल्या लाकडावर! पुराच्या पाण्यात झाडे वाहून जातात, हे आपण पाहतोच. नदी ती समुद्रात नेते. काही लाकडे भिजून जड होतात आणि तळाला जातात. डोंगरावरचे झाड असे समुद्राच्या तळाशी कोणाचे तरी घर होते. या कायटनच्या शेपटीकडे बारीक जंतही राहतात. ते त्याच्या विष्ठेवर जगतात. एकाचे टाकलेले दुसऱ्याच्या कामी येते.

पण जीव सापडला म्हणजे काम झाले असे नाही. तो आधी कोणी नोंदलेला आहे की काय, हे पाहावे लागते. त्यासाठी शास्त्रज्ञ पट्ट्यांचा आकार पाहतात. अंग मोजतात. सूक्ष्मदर्शकाखाली दात तपासतात. जुन्या नोंदी काढून त्यांच्याशी ताडून बघतात. फरक पक्का दिसला, तरच नवी जात ठरते. मग तिचे वर्णन लिहून छापतात. नमुना संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे कोणाला शंका आली, तर त्याने तो नमुना पाहून खात्री करून घ्यावी.

आपण जमीन घेतो तेव्हा काय करतो? मोजणी होते. चतुःसीमा लिहितात. नाव चढवतात. हेही तसेच आहे. तोंडी सांगितलेले हवेत विरते. लिहिलेले टिकते.

शास्त्रात जिवाला दोन नावे देतात. आधी कुळाचे, मग स्वतःचे. मतदार यादीत आडनाव आधी येते ना, तसे. या जिवाचे कुळ होते फेरेइराएला. स्वतःचे नाव काय ठेवायचे? जर्मनीतील सेंकेनबर्ग संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते चक्क लोकांना विचारले! झे फ्रँक नावाच्या गृहस्थांनी इंटरनेटवर या जिवाची चित्रफीत दाखवली. लोकांकडून 8,000 पेक्षा जास्त नावे आली. त्यातून ‘पॉप्युली’ हे नाव निवडले. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘लोकांचा’. अकरा जणांनी, एकमेकांना न विचारता, हेच नाव सुचवले होते. 2026 साली फेरेइराएला पॉप्युली या नावाने त्याची नोंद छापली गेली.

सापडल्यापासून नोंद होईपर्यंत दोनच वर्षे लागली. एरवी या कामाला दहा-वीस वर्षेही लागतात. नमुने बरण्यांत पडून राहतात. जाणकार थोडे, काम फार.

एवढी घाई कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण आहे. महासागराच्या तळावर काही ठिकाणी बटाट्याएवढ्या गाठी पसरलेल्या आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबे असे धातू असतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1981 साली हिंदी महासागरातून अशा गाठी वर काढल्या. पुढे 2002 साली भारताने त्यांच्या शोधासाठी आंतरराष्ट्रीय करारही केला. धातू माणसाला हवेत, हे खरे. पण तळ खरवडला तर तिथल्या जिवांचे काय होईल? ज्याची नोंदच नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाला कळणार? ज्याचे नाव कागदावर नाही, त्याचे नुकसान कोण मोजणार?

ही गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको. कागदावर नाव नसले म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगले आहे. म्हणूनच तर आपण अक्षरे शिकलो. तो जीव स्वतःचे नाव लिहू शकत नाही. त्याचे नाव माणसाने लिहायचे असते.

जीव नवा नव्हता. तो तिथे होताच. आपल्याला त्याची ओळख नवी झाली.

सांगा पाहू
1. कायटनच्या पाठीवर किती पट्ट्या असतात?
2. समुद्राच्या तळाशी लाकूड कसे पोचते?
3. ‘पॉप्युली’ म्हणजे काय?
4. तुमच्या शिवारातल्या एखाद्या किड्याचे पाच ओळींत वर्णन लिहा. ते वाचून दुसऱ्याला तो किडा ओळखता आला पाहिजे.