मेल स्पॅनिशमध्ये लिहायचाय? आधी मराठीत विचार करा

व्हिडिओत फळ्यावर घाईघाईत लिहिलेली क्रियापदं इथे नीट मांडून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

समजा, मरोळ एमआयडीसीत तुमचा गाळा आहे. मेक्सिकोच्या ग्राहकाला 12 तारखेला माल पाठवायचा होता, पण प्लेटिंगला उशीर झाला. आता तारीख 20 करायचीय. आपण म्हणतो, 'तारीख पुढे ढकलू.' गाळ्यातला पोरगा शोधतो, 'पुढे' म्हणजे 'आदेलान्ते'. मग क्रियापद 'आदेलान्तार'. मेल गेला. ग्राहकाला काय कळलं? माल 12 च्या आधीच येतोय! कारण 'आदेलान्तार' म्हणजे तारीख अलीकडे आणणं, आपल्या ऑफिसातलं 'प्रीपोन'. पुढे ढकलण्यासाठी शब्द आहे 'आप्लासार' किंवा 'पोस्पोनेर'. तिकडे त्याने गोडाऊनची सोय केली, माणसं लावली आणि माल नाही. पुढची ऑर्डर तुम्हाला कशाला देईल तो?

तर पहिला नियम: अर्थ घ्या, शब्द घेऊ नका.

इंग्रजीची जोडक्रियापदं

'पुट', 'गेट', 'कॉल' ही साधी क्रियापदं. त्यांना 'ऑफ', 'बॅक', 'आउट' असं शेपूट लागलं की अर्थ पार बदलतो. स्पॅनिशमध्ये त्याला बहुतेक वेळा एकच सरळ क्रियापद असतं. म्हणून आधी साध्या मराठीत सांगा, नेमकं काय करायचंय. मग स्पॅनिश शोधा.

- पुट ऑफ: पुढे ढकलणे. आप्लासार.
- कॉल ऑफ: रद्द करणे. कान्सेलार.
- गेट बॅक टू: उत्तर देणे. रेस्पोन्देर.
- फाइंड आउट: चौकशी करून माहिती काढणे. आवेरिग्वार.
- सेंड बॅक: परत पाठवणे. देवोल्वेर.
- टर्न डाउन: नाकारणे. रेचासार.
- पिक अप: माल उचलणे, घेऊन जाणे. रेकोहेर.

इथे दोन खड्डे आहेत. 'रेकोहेर' सगळीकडे चालतं, पण त्यातला 'रे' गाळून नुसतं 'कोहेर' लिहू नका. स्पेनमध्ये ते साधं 'घेणे' आहे, मेक्सिको आणि अर्जेंटिनात मात्र ती शिवी समजा. दुसरं, कोलंबियाचा ग्राहक 'कान्सेलार ला फाक्तुरा' लिहितो तेव्हा घाबरू नका. तिकडे त्याचा अर्थ बिल चुकतं करणं असाही होतो. पैसे येतायत!

आणि आपलं लाडकं 'प्लीज रिव्हर्ट'. आपल्याकडे त्याचा अर्थ 'उत्तर द्या'. ते जसंच्या तसं 'रेवेर्तीर' केलंत, तर समोरचा विचारात पडेल की नेमकं काय पूर्ववत करायचंय.

मराठी माणसाचा फायदा

इंग्रजी जिथे एकाच शब्दावर भागवते, तिथे मराठी आणि स्पॅनिश दोघी दोन शब्द ठेवतात.

- आस्क: भाव विचारणे म्हणजे प्रेगुन्तार. सॅम्पल मागणे म्हणजे पेदीर. ऑर्डरला 'पेदीदो' म्हणतात ते यावरूनच.
- नो: भाव माहीत असणे म्हणजे साबेर. माणसाला ओळखणे म्हणजे कोनोसेर.
- स्पेंड: पैसे खर्च करणे म्हणजे गास्तार. वेळ घालवणे म्हणजे पासार.
- लीव्ह: ट्रक निघणे म्हणजे सालीर. खोकं गेटवर ठेवून जाणे म्हणजे देहार.

इंग्रजीतून गेलात, तर 'आस्क'पाशी अडाल. मराठीतून गेलात, तर विचारणे की मागणे हे आधीच ठरलेलं असतं.

याहून गंमत म्हणजे वाक्याची ठेवण. 'मला डिझाइन आवडलं' यात कर्ता डिझाइन, 'मला' नाही. स्पॅनिशही तसंच: 'मे गुस्तो एल दिसेन्यो'. 'मे' म्हणजे 'मला'. इंग्रजीत 'आय' पुढे येऊन बसतो, म्हणून इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास चुकतात. तुम्ही चुकायचं कारण नाही.

'रन आउट' बघा. आपण म्हणतो, 'आमचा कच्चा माल संपला.' ते म्हणतात, 'से नोस आकाबो ला मातेरिया प्रीमा.' दोन्हीकडे माल संपतो, आपण तो संपवत नाही. तसंच 'माझ्याकडून राहून गेलं': 'से मे पासो'. मुद्दाम केलं नाही, घडलं, हा सूर दोन्हीकडे आहे. पण माफीच्या मेलमध्ये तेवढ्यावर थांबू नका. 'दिस्कुल्पे' लिहा आणि नवी तारीख द्या.

मराठी कुठे दगा देते?

एक, 'पाठवून देतो', 'सांगून टाकतो' यातलं 'देणे', 'टाकणे' तिकडे नेऊ नका. नुसतं एन्वियार, देसीर पुरे. दोन, आपण सगळ्याला 'करणे' लावतो. फोन करणे म्हणजे 'यामार', तिथे 'करणे'साठीचं 'आसेर' लागत नाही. तीन, ते 'पुढे' प्रकरण, वर सांगितलं तेच.

आणि तारीख असेल तिथे क्रियापदावर विसंबूच नका. जुनी तारीख, नवी तारीख, दोन्ही आकड्यांत लिहा. 12 ऐवजी 20 हे कुठल्याही भाषेत कळतं.

आजचं काम

स्पॅनिश ही 20 देशांची अधिकृत भाषा आहे, तेव्हा मेहनत वाया जाणार नाही. तुमचे शेवटचे पाच इंग्रजी मेल उघडा. प्रत्येकातलं क्रियापद अधोरेखित करा. शेजारी साध्या मराठीत लिहा, समोरच्याने नेमकं काय करायचंय. जिथे तुम्हालाच सांगता येणार नाही, तो मेल इंग्रजीतही कच्चाच होता. आधी तो दुरुस्त करा, स्पॅनिश मग!