सिझेरियन झालेली आई आणि घरातले थोरले



बाळंतिणीला भेटायला जाण्याची आपल्या मंडळ्यांची रीत चांगली आहे. झबले-टोपडे घेऊन आपण जातो, बाळ पाहतो, प्रार्थना करतो, चहा घेतो आणि निघतो. त्याच खोलीत दीड-दोन वर्षांचे थोरले मूल आईचा पदर धरून रडत असते. आईच्या पोटाला टाके आणि हे म्हणते, मला कडेवर घे. या अंकातला पाठ त्या दोघांविषयी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात शंभरातली सुमारे २० बाळंतपणे सिझेरियनने होत होती. २०१९-२१ मध्ये ती २५ वर गेली. पहिले सिझर झाले असले की पुष्कळदा दुसरेही तारीख ठरवूनच करतात, आणि दुसरे म्हणजे घरात एक लहान मूल आधीच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातून सातपूरच्या कारखान्यांत आलेली कुटुंबे श्रमिकनगर, अशोकनगरकडे एका खोलीत राहतात. सासू गावी शेतावर, नवरा पाळीवर. गावात असते तर शेजारच्या चार घरांत मूल वाढले असते. इथे दार लावले की आई आणि दोन लेकरे.

सिझेरियनला लोक 'पोटाचा चिरा' म्हणतात आणि वरचा टाका सुकला की बाई बरी झाली असे धरतात. तिथेच घोटाळा होतो. कातडी आठ-दहा दिवसांत जुळते. पण तिच्याखाली चरबी, पोटाच्या स्नायूंवरचे चिवट आवरण आणि सर्वांत आत गर्भाशय, एवढे सगळे उघडून पुन्हा शिवलेले असते. ते आवरण सहा आठवड्यांनीही पूर्वीइतके बळकट झालेले नसते. म्हणून डॉक्टर सांगतात, सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका. आता हिशेब करा. भरलेला हंडा बारा-पंधरा किलोचा. दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोचे. हंडा उचलू नको हे घरचे सगळे सांगतात. मुलाला उचलू नको हे कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी एकटी आई ते पाळणार कसे?

आपल्याकडचा सव्वा महिना आणि डॉक्टरांचे सहा आठवडे जवळजवळ सारखेच आहेत. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातही मुलगा झाल्यास चाळीस दिवस आणि मुलगी झाल्यास ऐंशी दिवस सांगितले आहेत. तो विषय शुद्धीकरणाचा आहे, विश्रांतीचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण तेवढे दिवस बाळंतिणीकडून रोजची कामे अपेक्षित नसावीत, एवढे तरी जुन्या लोकांना कळत होते. सव्वा महिन्यातले विटाळाचे भाग सोडून द्या, विश्रांतीचा भाग ठेवा.

तारीख ठरलेली असण्याचा एक मोठा फायदा आहे : तयारी करता येते. काही अडचण नसेल तर डॉक्टर ३९ आठवडे पुरे झाल्यावरची तारीख देतात, कारण त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. सुट्टीच्या किंवा मुहूर्ताच्या सोयीसाठी ती अलीकडे ओढू नये. हातात असलेल्या दिवसांत थोरल्याला वडिलांच्या, आजीच्या किंवा मावशीच्या कुशीत झोपायची सवय लावावी. रात्री कोण घेणार, भरवणार कोण, अंघोळ कोण घालणार, हे आधीच ठरवून तसे आठवडाभर करून पाहावे. दवाखान्यात जाताना मूल झोपेत असताना गुपचूप निघू नये. त्याला सांगून, टाटा करून जावे. रडेल, पण जागे झाल्यावर आई नाहीशी झालेली पाहण्यापेक्षा ते रडणे बरे.

घरी आल्यावर थोरल्याला जवळ घ्यायचेच, फक्त उचलायचे नाही. आईने खाटेवर किंवा भिंतीला टेकून बसावे, पोटावर उशी धरावी आणि मुलाला पाटावर पाय देऊन स्वतः वर चढू द्यावे. त्याच्या लाथा उशीवर बसतात, टाक्यांवर नाही. ते झोपताना कुशीवर वळून त्याच्याकडे तोंड करून पडावे. खाटेवरून उठताना आधी कुशीवर वळावे, मग हाताने रेटून उठावे. सरळ ताडकन उठू नये. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट दाबावी. थोरल्याला लंगोट आणून दे, पावडरचा डबा धर अशी कामे द्यावीत. या वयात त्याचा त्यांना मोठा अभिमान वाटतो. मात्र तान्ह्याजवळ त्याला एकटे सोडू नये. ते अजून अंगावर पीत असेल तर एकदम तोडण्याची गरज नाही, पण चिकाचे पहिले दिवस आधी तान्ह्याला पाजावे. मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागेल, बोबडे बोलेल, तान्ह्याला चिमटा काढेल. त्याला मारू नये. त्याचे जग हलले आहे.

खाण्याबद्दल आपल्याकडे फार भीती आहे. वरण खाल्ले की टाके पिकतात, पाणी प्यायले की पोट सुटते, अशा समजुतीने बाईला कोरड्या भातावर ठेवतात. टाके पिकतात ते जंतूंमुळे. जखम भरायला डाळ, अंडी, नागलीची भाकरी, पालेभाज्या आणि भरपूर पाणी हवे. शेगडीच्या धुरात बसवू नये. दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे चालावे, नाहीतर पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी वेळेवर घ्यावी. पॅरासिटामॉलने अंगावरच्या दुधाला बाधा येत नाही.

ताप, जखमेतून पू किंवा घाण वास, तासाभरात पूर्ण भिजणारी घडी, एका पोटरीत दुखणे आणि सूज, दम लागणे, जोराचे डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी, झटके : यांपैकी काहीही दिसले तर उद्याची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आणखी एक गोष्ट मंडळीत हळू आवाजात बोलली जाते. दोन आठवडे उलटूनही आई सतत रडत असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, तर ती विश्वासाची उणीव नव्हे, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. प्रार्थना करा आणि दवाखान्यातही न्या.

हक्काचे काय मिळते तेही माहीत असू द्या. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यानुसार सरकारी रुग्णालयात सिझेरियन, औषधे आणि रक्त मोफत, सात दिवसांपर्यंत जेवण मोफत, आणि घरी सोडायला गाडीही मोफत. ही गाडी मागून घ्या. ताज्या टाक्यांनी रिक्षात आदळत येण्याचे कारण नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेखाली अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचे ताजे जेवण मिळते आणि थोरल्याला अंडी किंवा केळी. सातपूरला राज्य कामगार विम्याचे रुग्णालय आहे. नवऱ्याचा विमा असेल तर पत्नीला उपचार मिळतात. ती स्वतः विमाधारक असेल आणि तिचे ७० दिवसांचे हप्ते भरलेले असतील, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजाही मिळते. कंत्राटदाराकडे काम करणाऱ्या बहिणींनी आपले विमा कार्ड निघाले आहे का, हे गरोदरपणाच्या सुरुवातीलाच पाहावे. नंतर धावपळ करून ते दिवस भरून निघत नाहीत.

आता भेटीकडे येऊ. झबली पुष्कळ जमतात. त्याऐवजी भगिनी मंडळाने सहा आठवड्यांची वही करावी : कोण कोणत्या दिवशी पाणी भरून देणार, कोण भाकरी-भाजी आणणार, आणि रोज दोन तास थोरल्याला कोण नेणार. पुरुषांचीही नावे त्यात असावीत. हंडा उचलायला बाईच लागते असे नाही. सकाळी अकरा ते एक ही वेळ चांगली, तेव्हा तान्हे बाळ निजले तर आईलाही डोळा लागतो. मुलाला नेताना त्याची वाटी आणि झोपताना हातात लागणारे फडके बरोबर न्यावे. तेच विसरले तर अर्ध्या तासात त्याला परत आणावे लागते.