चर्चमध्ये मूर्ती का नाही?

प्रश्न : सांगली-मिरजेकडच्या एका जुन्या मिशन चर्चमध्ये लग्नाला गेलो होतो. आत ना मूर्ती, ना तसबीर, क्रूसही रिकामा. सिनेमात पाहिलेले चर्च असे नसते. शिवाय राज्य इंग्रजांचे असताना या भागात सगळे ‘अमेरिकन मिशन’ का म्हणतात? (एक वाचक, विटा)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. चर्च म्हटले की मेरीची मूर्ती, मेणबत्त्यांच्या रांगा आणि क्रूसावरचा येशू डोळ्यांपुढे येतो. ते कॅथलिक चर्चचे चित्र. तुम्ही पाहिलेले चर्च बहुधा प्रेस्बिटेरियन परंपरेतले असावे. तिथले रितेपण ठरवून ठेवलेले असते.

सोळाव्या शतकात जिनिव्हात जॉन कॅल्व्हिन आणि स्कॉटलंडमध्ये जॉन नॉक्स यांनी धर्मसुधारणेची जी शाखा उभी केली, तिच्यातून ही परंपरा आली. त्या शाखेने मूर्ती आणि चित्रे उपासनेतून काढून टाकली. क्रूस रिकामा, कारण येशू मरणातून उठला, ही श्रद्धा. मूर्ती गेल्यावर मध्यभागी काय ठेवायचे? शब्द. म्हणून लांबट दिवाणखान्यासारखी एकच खोली, समोर पायरीभर उंच व्यासपीठ आणि त्यावर उघडे मराठी बायबल. जवळच लाकडी मेज असते. त्याला वेदी समजू नका. ते प्रभुभोजनाचे मेज आहे. भाकर आणि द्राक्षरस त्यावर मांडतात आणि पाळक लोकांकडे तोंड करून मेजामागे उभे राहतात. खांबांची गर्दी टाळतात, कारण शेवटच्या बाकावरच्या माणसालाही उपदेश ऐकू गेला पाहिजे.

बांधकामाची सामग्री मात्र इथलीच. सह्याद्रीचा काळा दगड, चुना, सागवानी कैच्या आणि वर मंगलोरी कौले अशी जुन्या मिशनच्या इमारतींची नेहमीची घडण. त्या कौलांची गंमत अशी की मंगळुरात त्यांचा पहिला कारखाना 1865 मध्ये बासेल मिशन या दुसऱ्या एका ख्रिस्ती मिशननेच काढला. टोकदार कमानींच्या खिडक्या तेवढ्या युरोपातून आल्या. पावसाळ्यात ओसरी आणि उतरते छप्पर नसते, तर त्या कमानी फार टिकल्या नसत्या.

आता ‘अमेरिकन’चे कोडे. पहिली दुरुस्ती ही की सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. इंग्रजांचे वर्चस्व होते, पण थेट राज्य नव्हते. अमेरिकन मिशनरी मुंबईत 1813 मध्ये उतरले, 1831 मध्ये अहमदनगरला पोचले आणि पुढे साताऱ्यात गेले. त्यांच्यातले रॉयल गूल्ड वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले. मिशनने शाळांवर किती जोर द्यावा, यावरून त्यांचे आपल्याला पाठवणाऱ्या अमेरिकेतल्या मिशन बोर्डाशी बिनसले. वाइल्डर शाळांच्या बाजूने हट्टाने उभे राहिले, 1861 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले आणि काही वर्षे बोर्डाशिवायच काम रेटले. अखेर 1870 मध्ये अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन बोर्डाने कोल्हापूरचे काम आपल्याकडे घेतले. मला हा माणूस आवडतो. कारण शाळांसाठी तो आपल्याच मंडळाशी भांडला.

याचा परिणाम आजही नकाशावर दिसतो. जुन्या बोर्डाकडे राहिलेली साताऱ्याकडची मंडळी मूळची काँग्रिगेशनल, तर कोल्हापूर-सांगलीकडची प्रेस्बिटेरियन. सांगलीत प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे 1884 मध्ये पडले. तिथेच 1889 मध्ये कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस आले आणि पुढे मिरजेत त्यांनी रुग्णालय उभारले. ते आपले ‘मिशन हॉस्पिटल’. वानलेसवाडीचे नाव त्यांचेच. इस्लामपूरलाही (आताचे ईश्वरपूर) प्रेस्बिटेरियनांचे ठाणे होते, आणि इथे वाचक हटकून गोंधळतात. जुन्या कागदांत ते ‘सातारा जिल्हा’ असे येते. ती चूक नाही. वाळवा तालुका 1949 पर्यंत साताऱ्यातच होता. मग दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले.

काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन यांच्यात फरक श्रद्धेचा कमी, कारभाराचा जास्त. काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक स्थानिक मंडळी आपला निर्णय आपण घेते. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळी आपले ‘वडील’ निवडते, ते पाळकांसोबत कारभार पाहतात, आणि वर प्रेस्बिटरी, सिनॉड अशा चढत्या सभा असतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी उतरंड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे झाले. या चौकटीत बिशप कुठेच नव्हता.

मग आज काही चर्चच्या फलकावर बिशपचे नाव कसे? आणि दक्षिण महाराष्ट्रात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ कसे? 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला त्यांच्यासह अँग्लिकन आणि आणखी काही चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. अँग्लिकनांबरोबर बिशपपद आले, आणि वडीलही राहिले. दक्षिणेकडच्या राज्यांतल्या चर्चेसचे असेच ऐक्य 1947 मध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ या नावाने आधीच झाले होते. उरलेल्यांना ‘नॉर्थ’ म्हटले गेले, आणि त्यात कृष्णाकाठही आला.