लपवायचं ते जगापासून

तुम्ही पोरं मला मामा म्हणता, तर मामाच्या हक्काने कान धरूनच सांगतो. एचआयव्हीची चाचणी ही धीर गोळा करून करायची गोष्ट नव्हे. धीर कधीच पुरेसा जमत नाही. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारे पाच-पाच वर्षं तेच म्हणताना मी पाहिलेत, आणि त्यातले काही थेट टीबी होऊन इस्पितळात गेल्यावरच कळते झाले. तेव्हा मन तयार आहे का, हे विचारत बसू नको. वार ठरव, अर्धी रजा टाक आणि जा.

आता कुठे, ते सांगतो. सरकारी इस्पितळात जायचं. फुकट मिळतं ते हलकं, हा आपल्याकडचा समज या बाबतीत साफ खोटा आहे. खाजगी लॅब रक्त घेते, पैसे घेते आणि व्हॉट्सअॅपवर एक कागद धाडते. तो कागद रात्री अकरा वाजता एकट्याने उघडायचा, त्यातले शब्द गुगलवर शोधायचे आणि छातीत धडधड घेऊन झोपायचं. सरकारी केंद्रात कागदाच्या आधी आणि नंतर माणूस भेटतो. खोलीवर पाटी असते 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र', पण सगळे त्याला आयसीटीसी म्हणतात. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, कोल्हापुरात सीपीआर, गोव्यात बांबोळी. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांतही हे केंद्र असतं. जवळचं कुठलं, हे कळत नसेल तर 1097 फिरव. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची ही फुकट हेल्पलाइन आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही.

केसपेपरच्या रांगेत ताटकळण्याआधी थेट त्या खोलीच्या दारात जाऊन विचार, कारण प्रत्येक इस्पितळाची रीत वेगळी. सकाळी ओपीडीच्या वेळेतच जा. दुपारनंतर गेलास तर 'उद्या या' ऐकावं लागेल. सोमवार टाळलेला बरा, रविवारचे साठलेले सगळे रोगी त्या दिवशी येतात. उपाशीपोटी जायची गरज नाही, पोहे खाऊन जा. रक्त बघून डोळे फिरत असतील तर आधीच सांग, आडवं झोपवून घेतात.

'त्या खोलीबाहेर कोणी बघितलं तर?' हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. बाकावर जरा आजूबाजूला बघ. पोटुशा बायका बसलेल्या असतात, कारण गरोदरपणात प्रत्येकीची ही चाचणी होते. टीबीचे रोगी असतात, त्यांचीही होते. त्या गर्दीत तू कशासाठी आलायस, हे कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. ओळखीचं कोणी दिसलंच तर तो तरी कशाला आलाय, हे त्यालाही सांगावं लागेल.

तालुक्याच्या गावात मात्र ही भीती खरी असते. नर्स मावशीच्या ओळखीची, लॅबमधला टेक्निशियन शाळेतला. म्हणून सांगतो, तुझ्या पत्त्याच्याच केंद्रात जायला हवं असा काही नियम नाही. विट्याचा मुलगा कोल्हापूरला जाऊ शकतो, साताऱ्याचा पुण्याला. पुढे औषध सुरू करायची वेळ आलीच, तर ते कुठल्या केंद्रातून घ्यायचं तेही बोलून ठरवता येतं आणि नंतर बदलताही येतं. मुंबईत असशील तर 'हमसफर ट्रस्ट' आहे, 1994 पासून आपल्यासारख्यांसाठीच काम करणारी. इतर जिल्ह्यांतही पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी संस्था सरकारी प्रकल्प चालवतात. त्यांचे कार्यकर्ते बहुतेक आपल्यातलेच असतात. सरकारी खोलीत जीभ अडखळणाऱ्याने आधी तिथे जावं.

आता वेळेचं गणित. हे नीट ऐक, कारण यात शिकलेलेही चुकतात. विषाणू अंगात शिरला म्हणून लगेच चाचणीत दिसत नाही. केंद्रांत वापरतात त्या किटला दिसायला शरीरात प्रतिपिंडं तयार व्हावी लागतात आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. गेल्या शनिवारी काही घडलं आणि या शुक्रवारी तू चाचणी केलीस, तर ती तुला गेल्या शनिवारबद्दल काहीही सांगत नाही. चाचणीच्या तीन महिने आधीपर्यंतच्या आयुष्याबद्दल सांगते. आयुष्यात कधीच केली नसशील तर तेवढ्यासाठीही ती कर, पण तीन महिने झाल्यावर पुन्हा कर. पहिली 'नॉन-रिअॅक्टिव्ह', म्हणजे निगेटिव्ह, आली म्हणून दुसरी बुडवू नको.

आणि गेला शनिवार म्हणजे कालच असेल, निरोध फाटला असेल किंवा वापरलाच नसेल, तर तुझी पहिली धाव चाचणीसाठी नसून 'पेप'साठी असायला हवी. या गोळ्या संबंधानंतर घ्यायच्या असतात. 72 तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि 28 दिवस न चुकता घ्यायच्या. मोठ्या सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत किंवा एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या, केंद्रात जाऊन स्पष्ट शब्दांत 'पेप हवं आहे' असं म्हण. टाळाटाळ झाली, 'हे फक्त नर्सना सुई टोचली तर' असं कोणी सुनावलं, तर तिथे कायदा शिकवत बसू नको. घड्याळ चालू आहे. एचआयव्हीचे रोगी पाहणारा खाजगी डॉक्टर त्याच दिवशी गाठ, त्याच्या चिठ्ठीवर गोळ्या बाहेर मिळतात. पैसे जातील, जाऊ देत. तक्रार नंतर करता येते, 72 तास नंतर मिळत नाहीत.

असे शनिवार वरचेवर येत असतील तर 'प्रेप'बद्दल विचार. ती गोळी संबंधाच्या आधीपासून घ्यायची असते. ती सुरू करण्यापूर्वी चाचणी करावीच लागते आणि मग दर तीन महिन्यांनी. बाजारात डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते.

आता त्या खोलीतलं टेबल. माझा खरा कानमंत्र इथलाच आहे: लपवायचं असेल ते जगापासून लपव, समुपदेशकापासून नको. ती बाई असो की बाप्या, 'मॅडम' किंवा 'सर' म्हण आणि पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाक, 'मी पुरुषांबरोबर संबंध ठेवतो.' त्यांच्या कागदावर त्यासाठी आधीच रकाना आहे. तुझ्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकणारी ती व्यक्ती नसते. कित्येकजण तिथे बसून 'एका बाईकडे गेलो होतो' अशी कथा रचतात. मग सल्ला त्या कथेला मिळतो, त्यांना नाही. तुला लागणारा सल्ला असा: गुदमार्गाच्या संबंधात धोका सगळ्यात जास्त, त्यात आत घेणाऱ्याला अधिक. वंगण पाण्याचं वापरायचं, कारण खोबरेल तेल किंवा व्हॅसलिनने निरोध फाटतो. सिफिलिसचं रक्त बरोबरच तपासायचं. गुदद्वाराजवळ फोड किंवा स्राव असेल तर दाखवायचा. यातलं काहीच त्या बाईच्या कथेत येत नाही. एखादा समुपदेशक तोंड वाकडं करेलही, लग्नाचा उपदेशही करेल. 'ते राहू द्या, चाचणीचं सांगा' एवढं म्हण. फारच झालं तर दुसऱ्या केंद्रात जा. एका माणसाच्या वाकड्या तोंडासाठी चाचणी सोडायची नाही.

आमच्या पिढीला 'मी पुरुषांबरोबर संबंध ठेवतो' हे वाक्य उच्चारायला घाबरायला कारण होतं. असे संबंध गुन्हा ठरवणारं कलम 377 होतं, आणि इस्पितळातली कबुली पोलिसांपर्यंत जाईल असं वाटायचं. ते कलम सज्ञान, संमतीच्या संबंधांपुरतं सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं. त्यानंतर चारच दिवसांनी, 10 सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्सचा 2017 चा कायदा लागू झाला. पहिल्याच्या पार्ट्या झाल्या, दुसऱ्याचं नाव आपल्यातल्या निम्म्यांना माहीत नाही, आणि खिशात ठेवण्यासारखा तोच आहे. तुझ्या संमतीशिवाय कोणी ही चाचणी करू शकत नाही. तुझा निकाल तुझ्या संमतीशिवाय इतरांना सांगता येत नाही. नोकरी देण्याआधी ही चाचणी कर, अशी अट कंपनीला घालता येत नाही. हे सरकारी आणि खाजगी दोघांनाही लागू आहे. त्यामुळे कंपनीच्या वार्षिक तपासणीत कोणी 'हेही करून टाकू' म्हणालं तर नको म्हणायला मोकळा आहेस.

पण मी मामा आहे, जाहिरातदार नाही. गुप्ततेची एक फट आहे, तीही सांगतो. लग्न झालेल्यांनी विशेष ऐकावं. निकाल पॉझिटिव्ह आला, बायकोला किंवा कायमच्या जोडीदाराला धोका आहे, समुपदेशकाने समजावूनही तू स्वतः सांगणार नाहीस अशी त्यांची खात्री झाली, तर तुला तसं कळवून डॉक्टर किंवा समुपदेशक त्या व्यक्तीला सांगू शकतात. आईवडिलांना, सासऱ्याला, साहेबाला मात्र नाही. त्या जोडीदाराची चाचणी वेळेत व्हावी, यात मला तरी काही अन्याय दिसत नाही. कसं सांगायचं याला वेळ आणि मदत दोन्ही मिळते, ती माग.

फोन नंबर देताना एकच पथ्य: जो फक्त तू उचलतोस तोच दे. घरी आई उचलते तो नाही, मालकाच्या दुकानातला तर नाहीच.

रक्त दंडातून घेतात आणि बहुतेक ठिकाणी निकाल त्याच दिवशी देतात. तो समोरासमोर, समुपदेशकाकडूनच घ्यायचा. 'फोनवर सांगा ना' असा हट्ट धरू नको, ते सांगणार नाहीत आणि सांगू नयेच. पहिल्या किटवर रक्त 'रिअॅक्टिव्ह' आलं तर वेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन किटवर तपासतात आणि तिन्ही जुळल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणून एखाद्या शिबिरात बोटाला टोचून केलेल्या तपासणीत रेघ उमटली, तर तो निकाल नव्हे. ती आयसीटीसीची वाट दाखवणारी खूण. घरी न जाता तिथूनच केंद्रात जा. शक्यतो कार्यकर्त्याला बरोबर घेऊन.

पॉझिटिव्ह निघालंच तर? मी बँकेत नवा होतो त्या काळात आमच्यातले लोक म्हणायचे, कळून तरी काय करायचंय? त्याला उत्तर नव्हतं. औषध होतं ते परदेशात आणि श्रीमंतांना. 1 एप्रिल 2004 ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, आणि सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत आपलं जेजे होतं. तेव्हाही आधी पांढऱ्या पेशी पुरेशा खाली येईपर्यंत थांबवून ठेवायचे. 2017 पासून तीही अट गेली: कळलं की औषध सुरू. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी, सरकारी केंद्रातून, जन्मभर मोफत. नेमाने घेतलीस आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली ठेवलास, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे मी धीर देण्यासाठी बोलत नाहीये. जगभरच्या डॉक्टरांनी हजारो जोडप्यांवर पाहिलेलं आहे. गोळी चुकवणाऱ्याला मात्र हे लागू नाही. कामासाठी दुबईला किंवा बंगळुरूला जायचं असेल तर केंद्रात आधी सांग, जास्त महिन्यांची औषधं किंवा दुसऱ्या केंद्रात बदली यावर मार्ग निघतो.

निगेटिव्ह आला तर सहा महिन्यांनी पुन्हा. जोडीदार बदलत असतील तर तीनच. त्याच फेरीत सिफिलिसचं रक्त, आणि सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये बाकीच्या गुप्तरोगांची तपासणी. कावीळ 'बी'ची लस घेतली नसेल तर विचार.

आणि ते अॅपवरचं 'निगेटिव्ह, क्लीन'. रिपोर्टचा फोटो दाखवणाऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही. तारीख बघ, मग तेव्हापासून तो कोणाकोणाबरोबर होता हे त्याला तरी आठवतंय का, ते विचार. स्वतःचा रिपोर्टही असा पाठवू नको. एकदा गेलेला फोटो कुठल्या ग्रुपवर उगवेल सांगता येत नाही. त्यापेक्षा दोघं एकाच दिवशी केंद्रात जा. आत एकेकट्याला बोलावतात, बाहेर चहा एकत्र घेता येतो.

शेवटी रक्तदान. फुकट चाचणी होते म्हणून शिबिरात रक्त देऊन येणारे महाभाग आहेत. तसं करू नको. रक्तपेढी ते रक्त दुसऱ्याला सुरक्षित आहे का हे बघते, तुला समुपदेशन द्यायला ती बसलेली नाही, आणि त्या तीन महिन्यांच्या आंधळ्या काळातलं रक्त एखाद्या बाळंतिणीला गेलं तर? शिवाय सरकारच्या 2017 च्या नियमांत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना रक्तदानाला सरसकट मनाई आहे. ही सरसकट मनाई मला पटत नाही. माणसाचं वागणं बघावं, त्याची जात नव्हे. पण नियम बदलेपर्यंत फॉर्मवर खोटी सही करायची नाही. ऑफिसच्या शिबिरात साहेब आग्रह करतोच, तेव्हा 'अँटिबायोटिक चालू आहे' म्हण. एवढं खोटं चालतं, आणि कशासाठी चालू आहे, हे कोणी विचारत नाही.