हुकुमावाचून चालणारे राज्य

स्वयंपाकघराच्या भिंतीवरून साखरेच्या डब्याकडे जाणारी मुंग्यांची रांग कोणी पाहिली नाही? ही रांग जरा वेळ निरखून पाहिली, म्हणजे एक नवल ध्यानात येते. या रांगेला पुढारी नसतो. जी मुंगी सर्वांत पुढे दिसते, तीच थोड्या वेळाने साखरेचा कण तोंडात धरून परत फिरते आणि गर्दीत मिसळून जाते. कोणी कोणाला आज्ञा करीत नाही, कोणी कोणाची हजेरी घेत नाही. तरीही कणामागून कण वारुळात जाऊन पडतो. हुकूम देणारा कोणीच नसताना हे राज्य चालते तरी कसे? या प्रश्नाने कित्येक शास्त्रज्ञांना आयुष्यभर गुंतवून ठेवले आहे. आणि याच प्रश्नातून एका कल्पक माणसाला संगणकावरचा एक खेळ सुचला.

त्या माणसाचे नाव विल राइट. हा अमेरिकेतील खेळ रचणारा कलावंत. १९८९ साली त्याचा ‘सिमसिटी’ हा शहर वसविण्याचा खेळ प्रसिद्ध झाला होता. पुढे बर्ट होल्डॉब्लर आणि एडवर्ड विल्सन या दोन कीटकशास्त्रज्ञांचा ‘द अँट्स’ हा मुंग्यांविषयीचा थोर ग्रंथ १९९० साली बाहेर पडला. १९९१ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. या शास्त्रज्ञांनी उलगडलेल्या मुंग्यांच्या जगाने राइट भारून गेला. त्याच १९९१ साली ‘मॅक्सिस’ या कंपनीने त्याचा ‘सिमअँट’ हा खेळ बाजारात आणला.

या खेळाची मांडणी मोठी गमतीची आहे. एका घरामागे बाग आहे. बागेत काळ्या मुंग्यांचे एक वारूळ आहे. त्याची भरभराट करणे हे खेळाडूचे काम. थोड्याच अंतरावर तांबड्या मुंग्यांचे वारूळ आहे, ते शत्रूचे. तांबड्या मुंग्यांना हुसकून लावायचे, सारी बाग व्यापायची आणि शेवटी घरात शिरून तेथील माणसांनाही पळवून लावायचे, असा हा पराक्रम आहे. खेळाडू स्वतः एका पिवळ्या मुंगीच्या रूपाने या जगात वावरतो. तिला भूक लागते. कोळी तिला खातो. वाळूत शंकूसारखा खळगा करून तळाशी दबा धरून बसणारा किडा तिला गिळतो. माणसाच्या पायाखाली ती चिरडते, आणि गवत कापण्याचे यंत्र आले म्हणजे तर प्रलयच ओढवतो. मात्र ती मेली, तरी खेळाडू वारुळात नव्या पिवळ्या मुंगीच्या रूपाने पुन्हा जन्म घेतो.

नवशिका खेळाडू प्रथम एका राजासारखा वागू पाहतो. “तू इकडे जा, तू तिकडे खण,” असे प्रत्येक मुंगीला सांगावे, अशी त्याची अपेक्षा असते. परंतु या खेळात तशी सोयच नाही. पिवळी मुंगी जवळपासच्या काही मुंग्यांना आपल्यामागे बोलावू शकते, एवढेच. बाकीच्या शेकडो मुंग्या आपापल्या नियमाने चालतात. अन्न सापडलेली मुंगी घरी परतताना जमिनीवर वासाची एक वाट सोडते. दुसरीला तो वास लागला, की ती त्या वाटेने जाते आणि स्वतःचाही वास त्यात मिसळते. जितक्या मुंग्या जास्त, तितका वास दाट. आणि जितका वास दाट, तितक्या मुंग्या जास्त. कोणी जाईनासे झाले, म्हणजे वास विरून जातो. एवढ्याशा नियमातून पडद्यावर रांगा उमटतात, मोडतात आणि पुन्हा नव्या ठिकाणी उमटतात.

हा नियम राइटने मनाने रचलेला नाही. विल्सनने तांबड्या आगमुंग्यांच्या पोटातील एका लहानशा ग्रंथीचा अर्क काढला आणि त्याने एक रेघ ओढली. मुंग्या वारुळातून बाहेर पडून त्या रेघेवरून चालू लागल्या! हा शोध त्याने १९५९ साली प्रसिद्ध केला. वाट दाखविणारी मुंगी तेथे एकही नव्हती. होता तो केवळ वास. मुंग्यांच्या राज्यातील हुकूम जमिनीवर लिहिलेले असतात, आणि ते लिहिणारे हजारो असतात.

मग खेळाडूच्या हाती राहते काय? त्याच्या हाती दोन त्रिकोण आहेत. पहिल्या त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन कामे आहेत: अन्न आणणे, खणणे आणि पिलांची जोपासना करणे. त्रिकोणात एक ठिपका असतो. तो ज्या कोपऱ्याजवळ सरकवावा, त्या कामाला अधिक मुंग्या लागतात. दुसरा त्रिकोण नव्या पिढीसाठी आहे. जन्मणाऱ्या मुंग्यांत कामकरी किती, सैनिक किती आणि पंख फुटून नवी वारुळे वसविणाऱ्या किती, हे प्रमाण त्यावर ठरते.

येथेच खेळाडूची खरी परीक्षा सुरू होते. तांबड्या मुंग्या चालून आल्या, की तो घाबरून ठिपका सैनिकांकडे ओढतो. पण सैनिक लगेच कोठून येणार? अंडी घातली जावी, त्यांतून अळ्या निघाव्या, त्या वाढाव्या, तेव्हा कोठे सैनिक तयार होणार. तोवर लढाई संपूनही जाते. पुढे सैनिकांची गर्दी होते, तेव्हा अन्न आणणाऱ्या कमी पडतात आणि वारूळ उपाशी राहते. म्हणून तो ठिपका अन्नाकडे ओढतो, तर पिलांची आबाळ होते. आपली चूक कालची, तिचे फळ आजचे, आणि आजच्या उपायाचे फळ उद्याचे, हे त्याला हळूहळू कळू लागते. पुष्कळ खेळाडू या ठिकाणी चिडतात. “या मुंग्या ऐकतच नाहीत!” असे ते म्हणतात. वस्तुतः मुंग्या ऐकत असतात. पण जे आता म्हटले ते नव्हे, तर जे मघाशी सांगितले ते!

या त्राग्यातच खेळाचे सामर्थ्य दडलेले आहे. घाईने केलेला मोठा बदल बहुधा अंगाशी येतो आणि सबुरीने केलेला लहान बदल टिकतो, हा धडा पुस्तकात वाचून जितका पटत नाही, तितका एक वारूळ बुडवून पटतो. शिवाय या खेळात प्रयोगांसाठी एक वेगळा विभाग ठेवला होता. तेथे खेळाडूने हवे तेथे अन्न ठेवावे, अडथळे उभारावे, स्वतः वासाची वाट आखावी आणि काय होते ते पाहावे. खेळता खेळता मूल निरीक्षक बनावे, अशी ही योजना होती.

तथापि या खेळात उणिवाही आहेत. बाग अनेक चौकोनांत विभागलेली आहे. एका चौकोनात विजय मिळविण्याची युक्ती साधली, की पुढच्या चौकोनात तेच करावे लागते. आणि त्याच्या पुढच्यातही तेच. प्रथम जे नवल वाटते, त्याचा मग कंटाळा येतो. पण याहून मोठी उणीव निराळीच आहे, आणि ती खेळाच्या मुळाशी आहे. ती म्हणजे तो त्रिकोण.

निसर्गात असा त्रिकोण कोठेच नसतो. वारुळातील राणी नावाचीच राणी. ती अंडी घालते. राज्यकारभार करीत नाही. “आज इतक्या मुंग्यांनी बाहेर जावे,” असे ठरविणारे कोणीही वारुळात नसते. डेबोरा गॉर्डन या अमेरिकन शास्त्रज्ञेने ॲरिझोनाच्या वाळवंटातील बी वेचणाऱ्या मुंग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. तिला आढळले ते असे: वारुळाच्या तोंडाशी थांबलेल्या मुंगीला बी घेऊन परतणाऱ्या मुंग्या भेटतात. मिशांना मिशा लागतात. अशा भेटी भराभर होऊ लागल्या, म्हणजे बाहेर अन्न विपुल आहे. मग ती मुंगी बाहेर पडते. भेटी विरळ झाल्या, तर ती आतच थांबते. प्रत्येक मुंगीला ठाऊक असतात केवळ आपल्या भेटीगाठी. पण साऱ्या वारुळाचे प्रमाण त्यांतून आपोआप साधते. खेळाला मात्र खेळाडू हवा आणि खेळाडूच्या हाताला काही तरी काम हवे. म्हणून त्रिकोण आला, आणि ज्या राज्यात राज्यकर्ता नाही, त्या राज्यावर एक राज्यकर्ता बसविला गेला. मुंग्यांचे जग दाखविण्यासाठी खेळाने मुंग्यांविषयीचे एक सत्य बाजूला ठेवले.

तर मग खरे वारूळ निर्दोष असते काय? तसेही नाही. बेल्जममधील ब्रसेल्स येथे झां-लुई देन्यूबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी एक सुरेख प्रयोग केला. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी अर्जेंटिनी मुंग्यांचे वारूळ आणि अन्न यांच्यामध्ये दोन फाट्यांचा पूल ठेवला. एक फाटा आखूड, दुसरा लांब. प्रारंभी मुंग्या दोन्हींवरून गेल्या. आखूड फाट्यावरून गेलेल्या लवकर परतल्या, त्यामुळे त्यावरचा वास लवकर दाटला. थोड्याच वेळात बहुतेक साऱ्या मुंग्या आखूड वाटेने जाऊ लागल्या. एकाही मुंगीने अंतर मोजले नव्हते. तरी समूहाने जवळची वाट शोधून काढली.

मग शास्त्रज्ञांनी प्रयोग उलटा केला. आधी केवळ लांब फाटा ठेवला आणि अर्ध्या तासाने आखूड फाटा जोडला. आता जवळची वाट डोळ्यांपुढे होती. पण जुन्या वाटेचा वास इतका दाट झाला होता, की बहुतेक मुंग्या त्या लांब वाटेनेच जात राहिल्या! ज्या नियमाने त्यांना शहाणे केले, त्याच नियमाने त्यांना आंधळे केले.

या आंधळेपणाची परमावधी विल्यम बीबी या निसर्गशास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या अरण्यात पाहिली. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने तिचे वर्णन केले आहे. लष्करी मुंग्यांचा एक तांडा मुख्य वाटेपासून तुटला होता. पुढचीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, असे करता करता रांगेचे टोक रांगेच्याच शेपटाला मिळाले आणि एक प्रचंड वर्तुळ झाले. त्याचा घेर सुमारे १,२०० फूट होता. एका फेरीला मुंगीला अडीच तास लागत. प्रत्येक मुंगी आपला नियम चोख पाळीत होती. आणि त्या पाळण्यातच बहुतेक मुंग्या थकून मेल्या.

यावर उपाय काय? तो निसर्गानेच सुचविला आहे: वास विरणे. इटलीतील मार्को डोरिगो याने १९९२ साली मिलान येथे सादर केलेल्या प्रबंधात मुंग्यांच्या रीतीवरून गणित सोडविण्याची एक पद्धत मांडली. संगणकात काल्पनिक मुंग्या सोडायच्या, त्यांनी वाटांवर काल्पनिक वास ठेवायचा आणि त्यांतून जवळचा मार्ग निवडायचा. पण हा वास ठरावीक गतीने विरत राहील, अशी व्यवस्था त्यात आवर्जून केलेली असते. वास विरला नाही, तर पहिली बरीशी वाट कायमची होऊन बसते आणि अधिक चांगली वाट सापडतच नाही. अनेक गावांतून जाणारा जवळचा मार्ग कोणता, मालाच्या गाड्या कोणत्या रस्त्याने न्याव्या, असले प्रश्न पुढे या पद्धतीने सोडविले गेले. लक्षात ठेवणे हा जसा गुण आहे, तसाच योग्य वेळी विसरणे हाही गुण आहे, हे येथे दिसून येते.

‘सिमअँट’मधील वारूळ बुडाले, तर नवा डाव मांडता येतो. खऱ्या वारुळाला ती सवलत नाही. म्हणून त्याच्या रांगेत नेहमीच काही भरकटलेल्या मुंग्या दिसतात. रांग सोडून त्या इकडे तिकडे हुंगत फिरतात. पाहणाऱ्याला त्या आळशी किंवा वेंधळ्या वाटतात. पण जुन्या वाटेवरची साखर ज्या दिवशी संपते, त्या दिवशी नव्या साखरेची बातमी घेऊन येणारी मुंगी बहुधा त्यांच्यातलीच एक असते.

स्वाध्याय

१. मुंग्यांच्या रांगेला पुढारी नसतो, असे का म्हटले आहे?
२. “मुंग्या ऐकत असतात, पण जे मघाशी सांगितले ते!” या वाक्यातील मर्म स्पष्ट करा.
३. दोन फाट्यांच्या पुलाचे दोन्ही प्रयोग आपल्या शब्दांत सांगा. दुसऱ्या प्रयोगात मुंग्या कोठे चुकल्या?
४. खेळातील त्रिकोण आणि वाळवंटातील मुंग्यांच्या भेटी यांत कोणता भेद आहे?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा: अंगाशी येणे, दबा धरून बसणे, आबाळ होणे, भारून जाणे.
६. घराजवळील मुंग्यांच्या रांगेच्या वाटेत कागदाचा एक लहान तुकडा ठेवा. मुंग्या काय करतात, ते अर्धा तास पाहा आणि दहा ओळींत लिहा.